पावडर लावून या, बाई

"बाई, उद्यापासून पावडर लावून या. मशीनले तुम्ही दिसत नाई."

हेडमास्तर असं बोलले अन् माह्या तोंडासमोर धरलेला मोबाईल त्यांनी टेबलावर ठेवून देला. ऑफिसात सगळे मास्तर हजेरीसाठी रांगेत उभे होते. मागून एक जण म्हणाला, "सर, टॉर्च मारून पाहा ना." मग सगळे मोकळेपणी हसले. मी पण हसली. खोटं काऊन सांगू? कंत्राटावरच्या बाईनं अशा वेळी दुसरं काय करावं, ते त्या दिवशी मले सुचलं नाई.

शाळेत हजेरीचं अ‍ॅप आलं होतं. रोज सकाळी मोबाईलसमोर तोंड न्यायचं. तोंडाभोवती एक गोल येते. गोल हिरवा झाला का तुम्ही हजर. लाल झाला अन् खाली 'चेहरा आढळला नाही' असं आलं, का गैरहजर. तुम्ही तिथी जितेजागते उभे असा, हातात खडू असो, काही फरक पडत नाई. माह्या तोंडावर गोल लालच राह्यचा.

मी काळी आहे. चांगली काळी. माही माय काळी, बाप काळा. आम्ही ढिवर, तलावात मासोळी धरणारे. जन्मभर उन्हात अन् पाण्यात राह्यलेले लोक गोरे कुठून होतीन? आरमोरीकडच्या या गावात आमची टोली, म्हणजे वस्ती, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याले आहे अन् शाळा गावाच्या वरच्या अंगाले. शाळा खाजगी संस्थेची. हेडमास्तर म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे साळे. याच शाळेत मी शिकली. माह्या मायनं बाजारात मासोळी इकून मले डी.एड. केलं. टोलीतून मास्तरीण झालेली मी पहिलीच. पाचवी ते सातवीले गणित शिकवते. बाकीच्या बायांले हेडमास्तर 'मॅडम' म्हणत. मले तोंडावर 'बाई', अन् माह्या मागं 'तलाववाली'.

मोबाईलवर माहा राग नाई, हे आधीच सांगून ठेवते. उलट माहा जीव आहे त्याच्यावर. वर्गात जे पोट्टे तोंडच उघडत नाई, त्यांचे पाढे मी माह्या मोबाईलवर रेकॉर्ड करते अन् त्यांलेच ऐकवते. आपला आवाज ऐकून असे लाजतात, असे लाजतात, अन् मग "मॅडम, अजून एकडाव" म्हणून मागं लागतात. सहावीतली पायल अशीच बोलाले लागली. आमच्याच टोलीतली पोट्टी. वर्षभर मुकी बसून राह्यची. एक दिवस तिनं आपल्या तोंडचा सतराचा पाढा ऐकला, अन् दुसऱ्या दिवशी अठराचा पाठ करून आली. कोणी सांगितलं नव्हतं. मोबाईलनं असंही होते.

शाळेत मोठा स्मार्ट बोर्ड पण आहे. त्याच्यावर फुलाफुलाची चादर टाकून ठेवलेली असते. मी एकदा वर्गासाठी मागितला. हेडमास्तर म्हणाले, "टोलीतल्या पोट्ट्यांचे हात कसे असतात, तुम्हाले सांगाले पाहिजे का? काचेले वास लागन." चादर निघते ती अध्यक्षांच्या वाढदिवसाले. बोर्डावर अध्यक्षांचा फोटो अन् हार्दिक शुभेच्छा. पेढे वाटून झाले का पुन्हा चादर. शिकवाचं यंत्र झाकून ठेवाचं अन् माणसं मोजाचं यंत्र रोज तोंडापुढं नाचवाचं, असा आमच्या शाळेचा डिजिटल कारभार.

तर मी पावडर घेतली. आठवडी बाजारातून, गुलाबी डब्बी. सकाळी लावून आरशात पाह्यलं तं गिरणीतून दळण घेऊन निघाल्यासारखी दिसत होती. आधी हसू आलं, मग रडू. माय चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "आज काय हाये वं? कोनाचं लगन हाये?"

मी म्हणलं, "शाळेत कार्यक्रम आहे."

रोज रोज कसला कार्यक्रम असते, हे तिनं पुढं कधी इचारलं नाई. तिले समजलं असन. माय लोकांले सगळं समजते.

पावडर लावून कधी गोल हिरवा होई, कधी नाई. होई तेव्हा हेडमास्तर म्हणत, "आता कशा दिसल्या!" अन् मी "हो सर" म्हणत वर्गात जाई.

मग एक दिवस लाईन गेली. ऊन तापाले लागलं होतं, सकाळची शाळा होती. पंखा बंद पडला तसे हेडमास्तर घामाघूम होऊन व्हरांड्यात आले अन् तिथीच हजेरी घ्याले लागले. नेमकी त्या दिवशी माही डब्बी संपली होती. मी भीत भीत तोंड समोर केलं. गोल पटकन हिरवा झाला. माह्या मागं गावातल्या एका सावळ्या सरांचं पण तसंच झालं. हेडमास्तर म्हणाले, "आज सगळे आंघोळ करून आले वाटते."

मले तिथंच समजलं. ऑफिसात अंधार असते. हेडमास्तरांची खुर्ची कोपऱ्यात, पंख्याखाली. त्यांच्या डोळ्यावर ऊन येते म्हणून खिडकी कायम लावलेली. गोऱ्या तोंडाले तेवढा उजेड पुरते, आमच्या तोंडाले पुरत नाई. बस, एवढीच गोष्ट. उजेडात मशीन आमाले बरोबर ओळखते.

मी चांगल्या शब्दात म्हणलं, "सर, रोज इथीच घेत जा ना हजेरी. सगळ्यांचं लवकर होते."

त्यांनी मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "तुमच्यासाठी मी उन्हात उभा राहू का?"

तेवढ्यात लाईन आली. ते जाऊन खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवशी मी नवी डब्बी आणली.

पुढं पोट्ट्यांची हजेरी पण तोंडानं सुरू झाली. वर्ग वर्ग ऑफिसात न्यायचा, अन् हेडमास्तर खुर्चीवरून न उठता एकेकाची हनुवटी बोटानं वर करून मोबाईल धरणार. टोलीतले पोट्टे आले का गोल लाल. "चांद्याच्या कोळशाच्या खाणीतून निघाले का रे सारे?" असं म्हणून ते आपणच हसत. पायल रोज शाळेत येई, पहिल्या रांगेत बसे, अन् अ‍ॅपवर रोज गैरहजर. एक दिवस ते वर्गात येऊन सांगून गेले, "जे सतत गैरहजर दाखवतात, त्यांचं नाव शाळेतून कमी करा लागते. मंग बसा तलावावर." बोलून गेले अन् विसरले. त्यांची जीभच तशी. पण पायल नाई विसरली. तिले खरंच वाटलं, का आपलं नाव कटते.

दोन-चार दिवसांनी ती सकाळी आली तं तोंडाले तांदळाचं पीठ लावून आली. कपाळ, गाल, मान, कान. घामानं त्याचे ओघळ झाले होते. पापण्यांवर पीठ, डोळे तेवढे काळे. पूर्ण वर्ग खदखदा हसला. ती हसली नाई. ती सरळ ऑफिसात जाऊन हेडमास्तरांच्या खुर्चीसमोर उभी राह्यली अन् म्हणाली, "सर, आता दिसते का मी?"

मी दारात होती. हेडमास्तरांनी मोबाईल उचलला. मले वाटलं, हजेरी घेतात. त्यांनी व्हिडिओ काढला. "इकडं पाह्य. थोडी हस. पुन्हा म्हण, काय म्हणली तू?" अन् पोट्टीनं पुन्हा म्हणलं, "आता दिसते का मी?" तिले वाटलं असन, नीट म्हणलं का हजेरी लागते.

तो व्हिडिओ त्यांनी मास्तरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पोट्टीले अक्कल आली.' त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. कोणी पाठवला ते माहीत नाई, पण दुपारपर्यंत तो गावातल्या मोबाईलवर फिरत होता. संध्याकाळी हापशीवर पोट्टे तिले 'ए पिठवाली' म्हणून चिडवून राह्यले होते. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पायल शाळेत आली नाई.

मी तिच्या घरी गेली. तिची माय अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. माह्याकडं पाह्यलं नाई तिनं. म्हणाली, "घरीच बरी हाये पोरगी. तलावाले तिचं तोंड चालते."

मी दारापाशी जाऊन हाक मारली, "पायल, बेटा, चल. मी आहे ना. हे पीठबीठ लावाचं काही काम नाई. आपलं तोंड आहे तसंच चांगलं आहे."

आतून आवाज आला, "मॅडम, तुमी पन तं लावता."

माह्या गालावर सकाळची पावडर होती. हात वर केला तं बोटाले लागली. बारा वर्षांची पोट्टी मले दारातून सांगून राह्यली होती का मॅडम, मी तुमच्याकडूनच शिकली. पाढे शिकली तशीच हे पण शिकली. त्या घडीले मले जी चीड आली ती मी जन्मात कधी पाह्यली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. 'तलाववाली' ऐकून नव्हती आली, टॉर्चवाल्या बोलण्यानं नव्हती आली. तेव्हा मी गिळून घेत होती. पण मी गिळलं ते माह्या पोटात राह्यलं नाई, त्या पोट्टीच्या तोंडावर आलं. अन् तिकडं तो माणूस पंख्याखाली बसून, एक खिडकी उघडाची नाई म्हणून, एक खुर्ची सरकवाची नाई म्हणून, आख्ख्या टोलीले सांगून राह्यला होता का तुमचं तोंडच चुकीचं आहे!

घरी येऊन मी डब्बी चुलीत टाकली. मायनं पाह्यलं. तिनं लाकूड आत सारलं.

सकाळी शाळेच्या हापशीवर सगळ्यांसमोर मी खसाखसा तोंड धुतलं अन् व्हरांड्यात ऊन येते तिथी जाऊन उभी राह्यली. सगळ्यांची हजेरी झाली. हेडमास्तर आतून ओरडले, "बाई, तुमची राह्यली."

मी म्हणलं, "मी इथी उभी आहे, सर. मोबाईल घेऊन बाहेर या."

खुर्चीतूनच आवाज आला, "गैरहजेरी लागन तुमची."

"लावा."

"कंत्राट वर्षाचंच आहे, बाई. विसरू नका."

"नाई विसरली. तुम्ही पायलचा व्हिडिओ विसरू नका. तो काढून टाका, अन् ज्या ग्रुपवर टाकला त्याच ग्रुपवर लिहा का तुम्ही चूक केली."

बोलली तं खरी. वर्गातले पोट्टे खिडकीत येऊन पाहून राह्यले होते. मास्तर लोक रजिस्टरात डोकं घालून बसले. टॉर्चवाला पण.

हेडमास्तर उठले नाई. मी माह्या मोबाईलवर माहाच फोटो काढला, तसाच ओल्या तोंडाचा, अन् ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'ही मी. आज शाळेत हजर आहे. मशीनले मी उजेडात दिसते. पायलसुद्धा दिसते. तिच्यावर हसलेल्या सगळ्यांनी हे वाचावं.' सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा आल्या. त्या दिवशी एकही हसणारं तोंड आलं नाई.

तेव्हापासून मी रोज येते, रोज शिकवते, अन् अ‍ॅपवर रोज गैरहजर आहे. काल हातात नोटीस देली: सतत गैरहजेरीबद्दल खुलासा करा. एक सर रस्त्यात भेटून हळूच म्हणाले, "मॅडम, कायले एवढं ताणता? दोन मिनिटाचं काम आहे, लावून टाका थोडीशी." पहिल्यांदा मॅडम म्हणाले, अन् ते पण रस्त्यात, कोणी नसताना. मी म्हणलं, "सर, तुम्ही लावा. दोन मिनिटाचंच काम आहे."

खुलासा मी देला आहे. मले काढाचं असन तं काढा, पण कागदावर कारण खरं लिहा: या बाईनं तोंड धुतलं. शिक्षण विभागाच्या वरच्या ऑफिसात तक्रार पण मी माह्या नावानं देली आहे, व्हिडिओसहित. तिथी कोण ऐकते ते पाहू. नाई ऐकलं तं त्याच्या वर जाईन.

पायल अजून आली नाई. मी रोज सकाळी पाळीवरून तिच्या दारावरून जाते, हाक मारते, अन् पुढं जाते. काल ती दारात येऊन उभी होती. माह्या तोंडाकडं बराच वेळ पाहून राह्यली. पावडर आहे का नाई, ते पाहत असन. पाह्य बेटा, नीट पाह्य.

ती येईन तेव्हा ती अन् मी व्हरांड्यातच उभ्या राहू. हजेरी पाहिजे असन तं खुर्चीनं उठावं अन् उन्हात यावं. अन् माफी मोबाईलवर चालणार नाई आता. ती वेळ गेली. हेडमास्तरांले पाळीखाली यावं लागन, आमच्या टोलीत, पायलच्या दारात. दिवसाढवळ्या. तिथी भरपूर ऊन असते. कोण कसा आहे ते तिथी सगळ्यांले दिसते.