छाती, कंबर आणि पाच स्टार

माझा पहिला प्रोग्राम मी जळगावहून धुळ्याला एसटीने नेला. पिशवीत एक सीडी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं नाव, आणि सीडी चालली नाही तर म्हणून दुसरी सीडी. सॉफ्टवेअरचा धंदा तेव्हा असा मागासलेला होता. गिऱ्हाईक कोण, त्याचं दुकान कुठे, त्याला चहात साखर किती लागते, हे सगळं बनवणाऱ्याला माहीत असायचं. पुढे जग सुधारलं आणि ही गैरसोय दूर झाली.

प्रोग्राम शिंपीकाम करणाऱ्यांसाठी होता. नाव ठेवलं होतं ‘माप’. गिऱ्हाइकाचा फोन नंबर टाकला की त्याची छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं पडद्यावर. तो मी बनवला धुळ्याच्या एका मास्टरांसाठी. माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवला होता आणि माप लिहिलेलं पान हरवल्यामुळे मला दोनदा धुळ्याला बोलावलं होतं. दुसऱ्या खेपेला मीच वैतागून म्हणालो, “मास्टर, हे कॉम्प्युटरवर का ठेवत नाही?” मास्टर तोंडातली टाचणी काढून म्हणाले, “भाऊ, तुम्ही बनवा, आपण ठेवू.” एवढी चर्चा झाली आणि काम सुरू झालं. बैठक नाही, कागदपत्रं नाहीत.

मास्टरांमुळे ते चाळीसगावला गेलं, शिंदखेड्याला गेलं, भुसावळला रेल्वेवाल्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात गेलं. काही अडलं की फोन यायचा. “भाऊ, मशीन रुसलं.” मी जायचो, मशीनची समजूत काढायचो, जेवून परत यायचो.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आला. मास्टर म्हणाले, “आता ते मोबाइलमध्ये द्या. कॉम्प्युटरजवळ जाईपर्यंत माणूस श्वास सोडतो, कंबर बदलते.” मीही खूश झालो. ऐकलं होतं की मोबाइलवर एक दुकान असतं, तिथे आपलं अ‍ॅप ठेवलं की अख्खं जग गिऱ्हाईक. एसटीचे धक्के नाहीत, दुसरी सीडी नाही. आपण जळगावात घरी बसायचं.

घरी बसायला मिळालं, हे खरं. कारण फॉर्म भरायचे होते.

दुकानाने आधी विचारलं, तुमचं अ‍ॅप माणसाच्या शरीराची माहिती गोळा करतं का? मी प्रामाणिक माणूस, ‘हो’वर खूण केली. छाती आणि कंबर शरीरातच येतात. त्यावर दुकानाचं मत पडलं की हे आरोग्याचं अ‍ॅप आहे. मी कळवलं की हे शर्ट-पँटचं अ‍ॅप आहे. उत्तर आलं की आम्ही तुमच्या म्हणण्याचा काळजीपूर्वक विचार केला आहे. हा विचार करायला त्यांना मिनिटभरसुद्धा लागलं नव्हतं. शेवटी मी अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर एक सूचना टाकली : हे अ‍ॅप कोणत्याही आजाराचं निदान करत नाही. शिंपी निदान करतो अशी शंका आजवर खानदेशात कोणाला आली नव्हती. आता ती दूर झाली.

मग पुढची अट. डझनभर माणसांनी सलग दोन आठवडे अ‍ॅप वापरून दाखवायचं, त्याशिवाय दुकानात जागा नाही. मास्टरांनी फोन फिरवले आणि डझनभर शिंपी गोळा केले. त्यात शिंदखेड्याचे एक नाना होते, सगळ्यांत वयस्कर. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, “भाऊ, उघाडं. आते बंद करू का?” दोन आठवडे नानांनी रोज अ‍ॅप उघडलं आणि माझी परवानगी घेऊन बंद केलं. परीक्षा पास झाली. ‘माप’ दुकानात लागलं.

त्या दिवशी मी घरच्यांना दाखवायला म्हणून ‘माप’ शोधलं. आधी जमीन मोजायची अ‍ॅपं आली. मग सोनं तोलायची, मग कंपन्यांनी पैसे देऊन वर चढवलेली दोन-तीन, ज्यांचा मापाशी काही संबंध नव्हता. बायको म्हणाली, “अजून खाली आहे का?” अजून खाली होतं.

तरी माणसं येऊ लागली. रोज आकडा वाढायचा आणि माझी छाती फुगायची. पण ही माणसं शिंपी नव्हती. दुकानाने ‘माप’ आरोग्याच्या फळीवर मांडलं होतं, तेही कंबर, छाती अशा शब्दांसकट. देशभरातली जाडजूड मंडळी ते उतरवून घेत होती. ती भक्तिभावाने रोज आपली कंबर त्यात लिहीत आणि महिन्याभराने जाब विचारायला येत. “एक इंचही कमी झालं नाही. एक स्टार.” “डाएट चार्ट कुठे आहे? फसवणूक.” एका बाईंनी लिहिलं होतं, “बाहीची लांबी का विचारतात कळत नाही, पण मी सांगितली. तरी फरक नाही.” मी प्रत्येकाला नम्रपणे लिहायचो की हे अ‍ॅप कपडे शिवणाऱ्यांसाठी आहे. त्यावर एकाने दिलेल्या दोन स्टारांतला एक परत काढून घेतला.

हे मी मास्टरांना सांगितलं ही माझी चूक. मास्टर संतापले. “आपल्या मालाला नावं ठेवतात? त्यांनी कधी सुई तरी हातात घेतली का?” त्यांनी सगळ्या शिंप्यांना एका दुपारी आपल्या दुकानात जेवायला बोलावलं. शेवभाजी, भाकरी, वर कांदा. मीही गेलो. जेवणं झाल्यावर मास्टर कटिंगच्या टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी हुकूम सोडला, “मोबाइल काढा. पाच स्टार द्या.” काय लिहायचं असं कोणी तरी विचारलं. मास्टरांनी सांगितलं, आणि ते सगळ्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलं : ‘फार उत्तम माप आहे. शिलाईत फरक जाणवतो.’ सगळे मास्टरांच्याच वायफायवर होते. नानांचा मोबाइल अडला, तर त्यांचे स्टार मी स्वतः देऊन टाकले.

मला तेव्हाच थांबवायला हवं होतं. दुकानाचे नियम मी वाचले होते. निदान वाचले आहेत अशी खूण तरी केली होती. पण एवढी माणसं आपापली दुकानं बंद ठेवून माझ्यासाठी आली होती, आणि त्यांच्यासमोर मला नियम आठवावेत असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मी कांदा मागून घेतला.

दोन दिवसांत पत्र आलं. एकाच ठिकाणाहून एकाच मजकुराचे अभिप्राय, म्हणजे संगनमत. अ‍ॅप दुकानातून काढण्यात येत आहे. डझनभर माणसं गोळा केल्याशिवाय ज्यांनी मला दारात उभं केलं नव्हतं, त्यांनी डझनभर माणसं गोळा केली म्हणून मला दाराबाहेर काढलं.

नानांचा फोन आला. “भाऊ, बठ्ठं गयं का?”

“सगळं नाही नाना, तुमच्या मोबाइलमध्ये आहे ते राहील. नव्यात घेता येणार नाही.”

“मंग नवा लेतस नही,” नाना म्हणाले. नवा मोबाइलच घ्यायचा नाही, प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

मी अपील केलं. अपिलाची चौकट एवढीशी होती, की तिच्यात शेवभाजीचा खुलासा बसेना. शेवटी एवढंच लिहिलं, ही खरी माणसं आहेत, धुळ्याला या, दाखवतो. काळजीपूर्वक विचार झाला. नकार आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा तसाच नकार, स्वल्पविरामासकट तोच. एखादा माणूस चुकून तरी वाचेल म्हणून मी रोज लिहीत राहिलो. एसटीने जायचं म्हटलं तरी जायचं कुठे, ते कोणी सांगत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी पत्र आलं की अ‍ॅप पुन्हा दुकानात ठेवलं आहे. कारण दिलेलं नव्हतं. काढायचं कारण तरी कुठे मला पटलं होतं! मी तडक एसटी पकडली. ही बातमी मास्टरांना फोनवर सांगायची नव्हती.

मी धुळ्याला त्यांच्या दुकानात शिरलो तर मास्टर गिऱ्हाइकाच्या पँटचं माप घेत होते. मला पाहिल्यावर त्यांनी मोबाइल टेबलावरच्या कापडाखाली सरकवला. गिऱ्हाईक गेल्यावर मी बातमी सांगितली. ते “अरे वा” म्हणाले. मग त्यांनीच मोबाइल बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कंपनीचं अ‍ॅप होतं. छाती, कंबर, खांदा, बाही, ओळीने सगळं माझ्यासारखंच. फक्त रंग चांगले होते, आणि मध्ये मध्ये प्रेशर कुकरची जाहिरात लागत होती.

“नवा मोबाइल घ्यावा लागला, भाऊ. जुना पडला, काच फुटली. तुमचं शोधलं, सापडलं नाही. सीझन चालू होता, नवी मापं सगळी यातच गेली.” मास्टरांची मान खाली होती. “तुमचं चांगलं होतं. पण नव्हतं ना.”

धंद्याची सगळी सुधारणा त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकली होती. मी म्हणालो, “जुनी मापं भरलीत का यात?”

“कुठून भरू? जुन्या मोबाइलमध्ये आहेत. फुटक्या काचेतून वाचता येत नाही मला.”

मला वाचता येत होतं. मी चष्मा पुसला आणि स्टुलावर बसलो. फुटक्या काचेखालून माझ्या प्रोग्रामातली मापं वाचत मी ती त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एकेक करून टाकायला लागलो. मास्टर शेजारी बसून सांगत होते, हा वारला, याला टाकू नका; याचं पोट सुटलं, दोन इंच वाढवा. दोन चहा झाले. राग आला होता, नाही असं नाही. पण बोटं चालत होती, आणि मास्टरांना मापं मिळणं गरजेचं होतं. दुपार संपता संपता सगळी मापं त्या कंपनीकडे गेली. मास्टर मला स्टँडवर सोडायला आले आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

‘माप’ अजून दुकानात आहे. मागच्या महिन्यात पत्र आलं की मोबाइलच्या नव्या पिढीप्रमाणे अ‍ॅप सुधारा, नाही तर काढून टाकू. ते नियमित वापरणारे माझ्या माहितीत एकटे नाना उरले आहेत. मी अख्खा रविवार बसून अ‍ॅप सुधारलं आणि नानांना फोन केला. “नाना, एक अपडेट दिलंय. तेवढं करून घ्या.”

“कसाले? चांगलं चाली ऱ्हायनं ना.”

याचं उत्तर मला त्या दुकानानेही कधी दिलेलं नाही. मी नानांना लग्नसराईचं काम कसं आहे ते विचारलं. काम फार आहे म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.