म्हशीचा फोन

कप आधी खाली ठेवा. त्या दिवशी माझ्या हातातून आईचा ठेवणीतला कप पडला तो भीतीने. तुमचा हसून पडला तर पुन्हा मलाच बोल लागेल. एका दिवसात माणूस किती गाढवपणा करू शकतो, हे ऐकायचंय ना? मग ऐका.

तसा मी जन्माचा घाबरट. देवबागला बोटिंगवाल्यांकडे कामाला आहे. पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून द्यायचं. काम बरं आहे, बोलावं लागत नाही. नववीत शाळा सोडली तेव्हापासून हेच करतोय. शाळा का सोडली, ते मात्र आत्ता विचारू नका.

आमच्या खाडीतल्या मासेमारीच्या बोटींवर निम्मे खलाशी नेपाळी. गणपतीत आमच्या आरतीला उभे राहतात, आमची मालवणी बोलतात, शिव्यासुद्धा आमच्याच देतात. ते परके आहेत असं कुणाला वाटतच नाही. त्यांच्यातला दिलबहादूर माझा दोस्त. त्या सकाळी बोट सुटायच्या घाईत तो धापा टाकत माझ्याकडे आला आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं पुडकं माझ्या हातात कोंबलं.

"सत्या, येक काम कर भाई. ह्ये पैशे माझ्या बायकोक धाड. तिच्या मोबाइलातल्या पाकिटात."

सगळ्या हंगामाची कमाई होती ती! त्याच्या गावातला शेजारी म्हैस विकत होता. संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत, तर ती दुसऱ्याला देणार होता. दिलबहादूरच्या लहान मुलीने त्या म्हशीचं नावसुद्धा ठेवून टाकलं होतं. एरवी बोटीचा मालक पैसे पाठवायचा, पण तो इंजिनाचा सुटा भाग आणायला गोव्याला गेला होता. दिलबहादूरचा फोन बटणांचा, माझा टचचा. म्हणून हा मान मला.

त्याने बायकोचा नंबर सांगितला, मी सेव्ह करायला घेतला. नाव काय घालू? दोस्ताच्या बायकोचं नाव विचारायचं कसं? मला लाज वाटली. मी आपलं 'म्हस' असं लिहिलं.

"पैशे गेले काय तिका फोन कर हां. ती वाट बघीत बसलेली आसतली." एवढं सांगून त्याने बोटीत उडी मारली. बोट संध्याकाळी परत येणार होती.

मी मालवणात जाऊन पैसे माझ्या खात्यात भरले. घरी आलो, दार लावून बसलो आणि परदेशी पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडलं. देश निवडा. नेपाळ निवडला. पाकिटाचा नंबर, म्हणजे तिचा मोबाइल नंबर, लिहा. लिहिला. मग नाव आलं. नाव कसलं, पुढे एक इंग्रजी एम आणि मागे नुसत्या चांदण्या! मी विचार केला, एम म्हणजे म्हस, बरोबर आहे. डोळे मिटले आणि बटण दाबलं.

हिरवी खूण आली. पैसे पोचले!

"आये!" मी ओरडलो. "मी परदेशात पैशे धाडलंय!"

"जपान धाड रे झिला," आई चुलीकडूनच म्हणाली.

धाडून झाल्यावर आता जपून काय करणार? मी आईच्या ठेवणीतल्या कपात चहा घेतला आणि ऐटीत 'म्हस'ला फोन लावला. रिंग गेली. पलीकडून जाड पुरुषी आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

स्वच्छ मराठीत! नेपाळात! दिलबहादूरच्या घरी!

"म... म्हैस मिळाली का?"

"काय?"

"म्हैस. म्हणजे पैसे. पैसे आले का तुम्हाला?"

"कसले पैसे?"

झालं! पैसे भलत्याच माणसाच्या पाकिटात गेले होते. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "चुकून तुमच्याकडे आले असतील, तर परत करा हो. गरिबाचे आहेत."

मग तो आवाज एकदम चढला. "अस्सं! कालच आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात यावर व्याख्यान झालं. चुकून पैसे आले, परत करा! अगदी हेच वाक्य सांगितलं होतं बघ त्यांनी! नाव काय तुझं?"

"तुमचं काय?" मी कसंबसं विचारलं.

"मनोहर. निवृत्त शिक्षक, अकोला. मी घाबरत नाही कुणाला. आता तुझं सांग."

मनोहर! एम! आता शंकेला जागाच उरली नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिथेच फोन ठेवायचा. पण मास्तरांच्या आवाजात कुणी विचारलं, की मी आपोआप सरळ उभा राहतो आणि उत्तरं देतो. नाव सांगितलं. गाव सांगितलं. शिक्षण विचारलं, तेही सांगितलं.

"नववी? मग शाळा का सोडलीस? हे धंदे करायला?"

मी फोन कानापासून लांब धरला. "पळू नकोस," ते म्हणाले, "तुझा नंबर सायबर पोलिसांना देतोय." मी फोन कापला आणि मघाशी सांगितलेला कप तेव्हा पडला.

आई धावत आली. "काय झाला रे?"

"आये, पैशे अकोल्याक गेले."

"अकोला परदेशात आसा?"

"नाय गो!"

"मगे तू परदेशात धाडलंय म्हणा होतंस ता काय?"

तेवढ्यात फोन वाजला. आईने वाकून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "सत्या, म्हशीचो फोन इलो! उचल!"

"नको गो आये! ती म्हस पोलिसांक घेवन येतली!"

आईला यातलं काय समजलं देव जाणे, पण तिने नारळ उचलला, माझं मनगट धरलं आणि मला सरळ राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, जागेवर नेलं. गावातलं कुठलंही संकट आम्ही आधी तिथे सांगतो. गाऱ्हाणं घालायला मानकरी नाना आले, आणि त्यांच्या मागून अर्धी वाडी आली. आईने वाटेतच सगळं सांगून टाकलं होतं, लपवण्याचं नाव नाही! नानांनी डोळे मिटून खणखणीत आवाज लावला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या लेकरान परदेशात पैशे धाडल्यान, ते वाट चुकान अकोल्याक गेले हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

"ते मोबाइलाच्या पाकिटातसून सोडव, आणि ज्या म्हशीचे हत त्या म्हशीक पावते कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येका पोलिसांच्या हातात दिव नको म्हाराजा!"

यावर सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" कोण ओरडलं असेल? मीच! आईने वर एक कोंबडा कबूल केला.

दुपारी मी कामावर गेलो नाही. किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीखाली जाऊन पडलो. पोलीस आले तर दिसायला नको. बाहेर वाळूत पावलं वाजली. फटीतून पाहिलं, तर खाकी पँट! अगदी होडीला लागून उभी! मनात म्हटलं, बेड्या आणल्या असतील तर आईसमोर तरी घालू नका.

"बांगडो कसो दिलो?" खाकी पँटने पलीकडच्या मासेवालीला विचारलं.

एसटीचा कंडक्टर होता. बांगडे घेऊन गेला. मी मात्र बाहेर आलो नाही. पोलिसांपेक्षा मला आता दुसरीच भीती वाटत होती. दिलबहादूरला तोंड कसं दाखवू? मारेल का? मारलं तर बरंच. पण तो काहीच बोलला नाही, नुसता वाळूत बसला, तर? आणि ती मुलगी? गोठ्याकडे बघत बसली असेल. होडीखाली खेकडा माझ्या पायावर चढला, तरी मी हाकलला नाही.

संध्याकाळी बोट आली. अर्धी वाडी किनाऱ्यावर हजर. मी गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. दिलबहादूर हसत उतरला.

"दिल्या, माका मार," मी म्हणालो. "तुझी म्हस गेली."

त्याचं हसू मावळलं. "खंय गेली?"

"अकोल्याक."

सगळं ऐकून तो पांढराफटक पडला. माझा फोन घेतला, नंबर नीट पाहिला, काहीतरी दाबलं आणि व्हिडिओ कॉल लावला. रिंग जात होती.

पडद्यावर काळोख आला. मी म्हटलं, संपलं. मग तो काळोख हलला. त्याला कान फुटला. शिंग आलं. एक ओलं नाक सबंध पडद्याला भिडलं आणि मागून एक लहान मुलगी टाळ्या पिटत ओरडली!

म्हैस! गोठ्यात बांधलेली! आणि दिलबहादूरची बायको मनमाया हसत तिच्या पाठीवर हात फिरवत होती. पैसे सकाळीच पोचले होते. बिचारी फोनची वाट बघून कंटाळली होती.

मी पाण्यातच बसलो. दिलबहादूर माझ्याकडे बघतच राहिला.

"सत्या, तू फोन लावलंस तेव्हा पुढे नेपाळचो आकडो घातलंस?"

"कसलो आकडो?"

"अरे, नेपाळ दुसरो देश आसा रे भाई!"

पैसे पाठवताना तो देशाचा आकडा अ‍ॅपने आपणहून घातला होता. फोन लावताना मी घालायला हवा होता! तेच दहा अंक नेपाळात मनमायाचे, आणि आपल्या देशात अकोल्याच्या सरांचे. म्हणजे पैसे शहाण्यासारखे परदेशात गेले, आणि फोन मात्र माझ्यासारख्याने लावला.

सगळा किनारा हसत सुटला. नाना म्हणाले, "राखणदारान वाट दाखवल्यान!" आईने लगेच कोंबड्याचं बघायला माणूस धाडला. इतक्यात माझा फोन पुन्हा वाजला. 'म्हस'! दिलबहादूरने तो उचलून, स्पीकरवर टाकून माझ्या तोंडापुढे धरला.

"सर," मी पाण्यातून उठून सरळ उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे," सर हळूच म्हणाले, "नेपाळ हा वेगळा देश आहे, हे तू विसरलास?"

"हो सर."

"मी तक्रार लिहायलाच बसलो होतो. राहू दे आता. पण सकाळी तू एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. शाळा का सोडलीस?"

सगळी वाडी कान देऊन उभी. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"भूगोल डोक्यात जात नव्हता, सर."