आधीच लावलेली टिक

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती, हेही मला तेव्हाच तिच्या भावाकडून कळलं... एकाच गावात राहून सहा वर्षांत मी तिला भेटलो नव्हतो.

राजारामपुरीतल्या एका लहानशा कंपनीत आम्ही शेजारी बसून वेबसाइट बनवायचो. फॉर्मचं काम तिचं. एकेका रकान्यावर ती दोन-दोन दिवस घालवायची. 'विवाहित' आणि 'अविवाहित'च्या खाली तिनं 'सांगायचं नाही' असाही पर्याय ठेवला, तेव्हा साहेब मोठ्यानं हसले होते.

मग वधू-वर सूचक वेबसाइटचं काम आलं. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता : 'माझा फोन नंबर सर्वांना दिसू द्या.' सुजातानं तो रिकामा ठेवला. साहेब म्हणाले, "टिक आधीच लावून ठेवा. नको असंल तो काढंल की."

"लोक तिथवर वाचत नाहीत, साहेब."

"म्हणूनच तर!"

तिनं साफ नकार दिला. ती जेवायला गेली असताना ती टिक मी लावली.

कोडोलीच्या एका विधवा शिक्षिकेनं तो फॉर्म भरला. पुन्हा लग्न करावं, हा विचार तिनं घरात अजून कुणाला सांगितला नव्हता. परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले आणि ते उचलले सासऱ्यांनी. तिची तक्रार आली, तसे सुजाता आणि मी एसटीनं माफी मागायला गेलो. बाईंनी आम्हाला दारातच उभं केलं.

"मी व्हय म्हटलंच नव्हतं. मग माझ्या वतीनं म्हटलं कुणी?"

"चूक आमची आहे," सुजाता म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही नाही.

परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "साहेबांनी सांगितलं आणि तू लावलीस. आता माझ्याशी बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी तिनं नोकरी सोडली. मी राहिलो, तिचं काम मलाच मिळालं. परवाच्या शोकसभेत साहेबांनी तिला 'आमच्या कंपनीचा कणा' म्हटलं.

शोकसभेनंतर तिच्या नेट कॅफेकडे गेलो. नोकरी सोडल्यावर तिनं घराखालच्या गाळ्यात तो काढला होता, आता भाऊ चालवतो. लेकीच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन एक बाई बसल्या होत्या. भाऊ भराभर माऊस दाबत होता. बाईंनी त्याचा हातच धरला.

"थांबा की पावणं! ताई आधी वाचून दाखवायच्या, मग इचारायच्या, मग दाबायच्या."

भावानं माऊस सोडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मला दारातून आत जाववेना.