बारा वाजता उघडणारे चष्म्याचे दुकान

१४ जूनच्या संध्याकाळी माझ्या मेहुण्याने माझ्याकडून रोख चार हजार सातशे पन्नास नेले. कारण विचारले तर म्हणाला, "शिक्षणासाठी, भावोजी." वय वर्षे सेहेचाळीस. मला वाटले, उशिरा का होईना, सुचले. पण शिक्षण त्याचे नव्हते, त्याच्या साडेचार वर्षांच्या मुलीचे होते, आणि पैसे एका खोक्यासाठी हवे होते.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला औषधांचे दुकान, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात हा बावीस वर्षे चष्मे विकतो. माणसांची नावे त्याच्या लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. "काल मायनस अडीच आले होते, मुलीचं लग्न ठरलंय म्हणे," असे तो सांगतो. मला तोंडावर भावोजी म्हणतो. पाठीमागे मी प्लस पावणेदोन आहे, हे मला त्याच्या मुलीकडून कळले.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला आहे. सगळ्यात वर एकच मोठे अक्षर, मग ओळीओळीने लहान होत तळाशी मुंगीएवढी. गाडीचा परवाना काढणारे लोक नजरेच्या दाखल्यासाठी त्याच्याकडे येतात, आणि त्यातले बरेचसे तो तक्ता आधी येऊन गेलेल्या मित्राकडून घोकून येतात. म्हणून मेहुण्याने तक्ता दोन्ही बाजूंनी छापून घेतला आहे. संशय आला की तो उठून तक्ता फिरवतो. मागे वेगळीच अक्षरे. समोरचा पठ्ठ्या मात्र जुनीच अक्षरे धडाधड म्हणत सुटतो.

"पण संशय येतो कसा?" मी एकदा विचारले होते.

"सोपं आहे. खरंच वाचणारा माणूस खालच्या ओळीला अडखळतो. पुढे वाकतो, डोळे बारीक करतो, 'ब... नाही, व' म्हणतो. जो अडखळत नाही, तो वाचत नाही."

हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते आम्हालाही न अडखळता येते.

लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. मुलीला घरात मिरी म्हणतात, कारण आकार तेवढाच आणि तिखटपणाही तेवढाच. त्याची बायको शिवणकारखान्यात कपडे तपासायला जाते. सकाळी सहाला निघते, तीनला परतते. मिरीला सकाळच्या बालवर्गात घालावे असे तिचे म्हणणे होते. मेहुण्याने साफ नकार दिला. मुलीला घरी मीच वाचायला शिकवणार, म्हणाला, आणि त्यासाठी त्याने दुकान नऊऐवजी बाराला उघडायला सुरुवात केली. बारानंतर मिरी शेजारच्या आजींकडे. सकाळी चष्मा तुटलेले लोक तीन तास चाचपडत फिरू लागले आणि शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात सापडले.

"अरे, धंदा बुडवून बाराखडी शिकवतोस?" माझी बायको त्याला आमच्या घरी म्हणाली. "शिकवायला वर्ग असतात, बाबा."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ताई, रात्री दुकान बंद करून मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. सकाळ पण गेली, तर मी तिला फक्त झोपलेली बघणार. डोळे मिटलेल्या माणसाचं मला काही कळत नाही."

हा युक्तिवाद कुठल्याही हिशोबात बसत नव्हता. माझ्या बायकोने डोळे पुसले, म्हणजे तो मंजूर झाला. त्याच्या बायकोकडे अश्रूंची सोय नसावी. तिने अट घातली: "सप्टेंबर संपेपर्यंत पोरगी वाचायला लागली, तर सकाळ तुमची. नाही लागली, तर बालवर्ग, आणि दुकान नऊला."

तर खोके. खोक्यावरच्या चित्रातले आईवडील इतके प्रसन्न हसत होते की त्यांना मूल नसावे. आत चित्रांची कार्डे, पालकांसाठी सूचना, आणि अक्षरावर टेकवले की बोलणारे एक पेन. पेनातली बाई गोड आवाजात म्हणायची, "क, कमळाचा क." मिरीने पहिल्याच दिवशी शोधून काढले की पेन भराभर टेकवले तर बाई "क-क-क-कम-क" करत गुदमरते. हा खेळ दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी बाई आंघोळीच्या बादलीत पडली. तेव्हापासून ती घोगऱ्या आवाजात बोलते. "तिला सर्दी झालीये," मिरीने मला सांगितले. "माझ्या पैशाला पण," मी म्हणालो.

कार्डांचा मात्र उपयोग झाला. चार आठवड्यांत मिरीला सगळी चित्रे ओळखता येऊ लागली. मेहुण्याने पाटीवर "कप" लिहिले आणि विचारले, "काय आहे हे?"

"कमळ. पतंग."

"दोन्ही मिळून?"

मिरीने विचार केला. "कमळावर पतंग पडला."

मेहुणा त्या रात्री माझ्याकडे आला. चित्रे हीच खरी शत्रू आहेत, असा शोध त्याला लागला होता. मुलांना अक्षर दिसतच नाही, कमळ दिसते. नुसता आवाज शिकवायला हवा, चित्राशिवाय. हे बोलणे मला पटले आणि मी तसे म्हणालो, ही चूक झाली. दुसऱ्या दिवशी त्याने पाट्या रंगवणाऱ्याकडून घरासाठी दुकानासारखाच तक्ता करून घेतला. वर मोठा "घ". खाली "घर". मग "नळ बघ". असे वाढत वाढत तळाला पूर्ण वाक्य: "बदक बादलीत बसले आणि हसले." धंद्याची सवय म्हणून मागची बाजूही रंगवून घेतली, वेगळ्या शब्दांनी. मग तो तक्ता बैठकीच्या भिंतीवर टांगला, समोरच्या टोकाला स्टूल ठेवले, आणि हातात पट्टी घेतली.

शिकवणी पाऊण तासाची. उरलेली सकाळ तो मिरीला खांद्यावर बसवून खिडक्या पुसत असे, किंवा दोघे मिळून जुन्या चष्म्यांच्या काड्या खोलून परत जोडत. शिक्षणशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या कार्यालयात याला कामाच्या वेळेत गायब असणे म्हणतात.

प्रगतीचा नमुना आम्हाला ऑगस्टमध्ये बघायला मिळाला. मिरी आमच्या घरी आली होती. माझ्या बायकोने कौतुकाने तिच्या हातात गोष्टीचे पुस्तक दिले. मिरीने ते उघडून माझ्याकडे दिले.

"आतोबा, भिंतीपाशी जा."

"का गं?"

"जा ना. इतक्या जवळून कुणी वाचतं का?"

मी पुस्तक छातीशी धरून भिंतीला टेकून उभा राहिलो. मिरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर चढली आणि तिने तळहाताने डावा डोळा झाकला. तिच्या समजुतीप्रमाणे वाचन हे असेच करायचे असते. थोडा वेळ बघून म्हणाली, "हे पुस्तक नीट नाही. ह्याच्यात बदक नाही." मग मला पुस्तक उलटे धरायला लावले आणि बापाच्या आवाजात विचारले, "असं बरं, की असं बरं?"

मेहुण्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसून हसून खोकला. "बघा, निरीक्षण बघा पोरीचं!" जगातल्या प्रत्येक लबाड डोळ्याला पकडणारा हा माणूस स्वतःच्या घरी प्लस वीसचा झाला होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी परीक्षा झाली. खोक्यात माझे भांडवल असल्याने मला साक्षीदार म्हणून बोलावले होते. मेहुण्याने दाढी केली होती. त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कारखान्यात शिवण तपासताना उभी राहत असेल तशी. मिरी स्टुलावर चढली, डावा डोळा झाकला. मेहुण्याने पट्टी पहिल्या अक्षरावर ठेवली.

"घ," मिरी म्हणाली. "घर. नळ बघ." आणि सुटलीच. एकामागून एक ओळी, खणखणीत, श्वाससुद्धा न घेता, थेट तळापर्यंत. "बदक बादलीत बसले आणि हसले!"

माझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चार हजार सातशे पन्नासच्या मानाने बऱ्यापैकी जोरात. मेहुण्याची बायको हसली. "बरं बाई, हरले मी. सकाळ तुमची." आणि कप गोळा करायला वाकली.

मेहुणा मात्र हसला नाही. त्याच्या हातातली पट्टी अजून तिसऱ्या ओळीवरच होती. पोरगी पट्टीला मागे टाकून पुढे निघून गेली होती. मी तिच्याकडे बघितले. एक डोळा झाकलेला, आणि दुसरा खिडकीच्या कठड्यावर बसलेल्या मांजरावर.

मला कळले. त्यालाही कळले होते, आणि खोलीत आणखी कुणालाच कळले नव्हते. मी त्याला डोळ्यांनी खुणावले की बस खाली. व्यवहार पूर्ण झाला होता, समोरच्या पक्षाने हार मान्य केली होती. सही झाल्यावर कुणी मागचे पान उलटून बघत नाही. त्याला फक्त चहा पिऊन गप्प बसायचे होते आणि पुढची सगळी सकाळ त्याची होती.

त्याने हात वर करून तक्ता फिरवला.

"अहो, आता कशाला?" त्याची बायको म्हणाली. "हरले म्हटलं ना."

"एक मिनिट. मिरे, परत एकदा."

तक्त्यावर वर मोठा "म" होता. खाली "मऊ". सगळ्यात तळाच्या वाक्यात एक माकड खिडकीत बसून रुसले होते.

"घ," मिरी म्हणाली. "घर. नळ बघ." पहिल्यापेक्षाही झोकात. मेहुण्याने तिला मध्ये थांबवले नाही. पट्टी खाली करून, मान थोडी कलती ठेवून, त्याने बदक बादलीत बसून हसेपर्यंत सगळे ऐकून घेतले.  मांजर उठून गेले.

मिरीने डोळ्यावरचा हात काढला. सगळे गप्प का, हे तिला कळेना. "बाबा, असं बरं, की मघाचं बरं?"

"दोन्ही सारखंच गं," तो म्हणाला आणि तिला स्टुलावरून उचलून घेतले. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तू हरली नाहीस. उद्यापासून दुकान नऊला."

ती कप घेऊन आत गेली. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा पदराला हात पुसत होती. "बालवर्ग साडेबाराला सुटतो. शेजारच्या आजींना पण दुपारी जरा पाठ टेकायला मिळायला हवी. वर्गातून थेट दुकानात आणून सोडायला सांगते. मी येईपर्यंत सांभाळाल ना? की तेवढ्या वेळात तिलाही चष्मा विकाल?"

"लहान मुलांच्या काचांवर सूट आहे," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता, पेनातल्या बाईसारखा.

परतताना माझी बायको म्हणाली, "माझा भाऊ किती सरळ आहे, बघितलंत?"

"सरळ आहे. समोर खड्डा असला तरी वळत नाही," मी म्हणालो. ती घर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढे ऑक्टोबर, नोव्हेंबर गेले. मेहुण्याने खोक्याचे पैसे थोडे थोडे करत बहुतेक फेडले, तेही माझी बायको आठवण करून देऊ नका म्हणत असताना मी ती करून दिल्यामुळे. डिसेंबरात एका दुपारी उरलेल्या साडेतीनशेसाठी मी दुकानात गेलो. तो एका गिऱ्हाईकाच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवून काचा बदलत होता. "असं बरं, की असं बरं?" मिरी काउंटरवर पाय हलवत बसली होती. मी थकबाकीचा विषय काढला.

त्याने ऐकलेच नाही. भिंतीवर, बरोबर माझ्या डोक्यामागे, नवी पाटी लागली होती. पाट्यावाला तोच. मिरीची नजर तिच्यावर होती. दोन्ही डोळे उघडे.

"उ," ती म्हणाली. "उ... ध... धला काना धा. उधा. र... रला दुसरी वेलांटी री. उधा... री." ती पुढे वाकली. डोळे बारीक केले. "ब... ब वर टिंब आहे. बं. बंद. बंद आ... हे."

गिऱ्हाईकही चौकटीआडून ऐकू लागले.

"आ. ग... नाही, ग नाही. बाबा, ह्या गच्या पायाला तिरकी काडी कुणी मारलीये?"

"अडखळली!" मेहुणा ओरडला. हातातली काच त्याने कुठे ठेवली ते मागाहून शोधावे लागले. "भावोजी, ऐकलंत? अडखळली पोरगी!"

"ग्र," त्याने तिला सांगितले, "ग आणि र एकत्र राहतात तिथे." ती पुन्हा सुरू झाली. "आ... ग्र... ह. आग्रह. क... करू न... ये." प्रत्येक अक्षराला ठेच लागत होती आणि प्रत्येक ठेचेला तिच्या बापाचा चेहरा उजळत होता. चौकट घातलेल्या गिऱ्हाईकाला जग दोन दोन दिसत होते. त्यानेसुद्धा शाबास म्हटले.

"छान वाचलं," मी मिरीला म्हणालो. "अर्थ कळला का?"

"हो. तुम्हाला पैसे नाहीत."

मेहुणा काच शोधायला खाली वाकला होता, तो वाकलेलाच राहिला. तीनशे पन्नास अजून यायचे आहेत.