एका गिरकीसाठी नौपाडा ते डोंबिवली, सायकलवर

ठाण्याहून डोंबिवलीला जायचं प्रवासवर्णन असतं का, असं तुम्ही विचाराल. लोक लडाखचे फोटो टाकतात, कोणी व्हिएतनामला जाऊन तिथली कॉफी पितं, आणि ही बाई शीळफाट्याचं कौतुक सांगायला बसली आहे. असो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मे महिना होता आणि माझ्या दादाला पाठीवर गिरकी घ्यायची होती. त्यासाठी आम्ही घराबाहेर पडलो.

दादा म्हणजे प्रकाश. तेव्हा वीस वर्षांचा, हडकुळा, आणि स्वतःला ब्रेक डान्सर समजणारा. आमच्या मस्कतच्या काकांनी एक व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला आणि सगळ्यांनी मिळून ती बघितली. त्यात न्यूयॉर्कच्या फुटपाथवर पोरं पुठ्ठा अंथरून भोवऱ्यासारखी फिरत होती आणि मागे एकजण न थांबता बडबडत होता. नाना, म्हणजे आमचे वडील, थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हा गातोय की कोणाशी भांडतोय?" आणि उठून गेले. दादा मात्र तिथून उठला तो वेगळाच माणूस होऊन. टोपी उलटी झाली, हातात पांढरे मोजे आले. नौपाड्यातल्या शिंप्याने त्याला ढगळ पॅन्ट शिवून दिली, पण सवयीने तिला कडक इस्त्रीची घडीही घालून दिली. त्यामुळे आमचा ब्रेक डान्सर कमरेखाली बँकेत निघाल्यासारखा दिसायचा.

बाकी सगळं त्याला जमायचं. पाठीवरची गिरकी तेवढी जमत नव्हती. आमच्या गॅलरीत शहाबादी फरशी, खडबडीत. अर्ध्या वेढ्यात पाठ सोलून निघायची. पुठ्ठा म्हणाल, तर बिल्डिंगमध्ये फ्रिज एकाच घरात आला होता, आणि त्यांनी त्याचा खोका पोटमाळ्यावर जपून ठेवला होता. का, ते विचारू नका. आपल्याकडे वस्तूपेक्षा तिचा खोका जास्त टिकतो.

नाना त्या सगळ्या प्रकाराला "फिट येणं" म्हणायचे. "प्रकाशला फिट आली की सांगा, मी कांदा घेऊन येतो." आणि गॅलरीकडे पाठ करून पेपर वाचायचे. त्यांनी त्याला नाचताना कधी नीट बघितलंच नाही.

त्या सोमवारी दादा डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत लागणार होता. पहिली शिफ्ट. त्याच्या मते त्यानंतर सगळं संपणार होतं. "मने," तो मला म्हणाला, "आयुष्यात एकदा तरी ती गिरकी पूर्ण व्हायला पाहिजे गं. नाहीतर नाना म्हणतात तेच खरं ठरेल, की मी इतकी वर्षं नुसता लोळत होतो." तो हे हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही गुळगुळीत फरशी शोधायला निघालो. आईने मला सोबत पाठवलं, कारण पोरगी बरोबर असली की पोरगा वेळेवर घरी येतो अशी तिची समजूत होती. एक सायकल भाड्याने घेतली. काकांनी दिलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर मांडीवर धरून मी दादाच्या मागे कॅरियरवर. ठाण्याहून सायकलने निघणार असाल तर उन्हाआधी कळव्याचा पूल ओलांडा आणि कॅरियरवर उशी बांधा. मी बांधली नव्हती.

पहिला मुक्काम कळवा. तिथे दादाचा मित्र दामू राहायचा, खाडीवरच्या जुन्या कोळी घरातला. दामू आणि दादाची ओळख गणपतीच्या स्पर्धेतली. फॅन्सी ड्रेस आणि भावगीत यांच्या मधे दोघांनी रोबोट केला होता आणि उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा मिळवला होता. त्याच्या घरापुढे सिमेंटचं लांबरुंद खळं आहे, तळहातासारखं सपाट, असं त्याने सांगितलं होतं. खोटं नव्हतं. फक्त मे महिन्यात तिथे काय असतं हे सांगायला तो विसरला होता. पावसाळ्याआधीची सुकट या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली होती.

दादाने कडेची रिकामी जागा बघून पाठ टेकली मात्र, दामूची आई हातात झाडू घेऊन बाहेर आली.

"आरं ए, कंला लोलतस रं तिथं? पोटात दुकतंय काय तुज्या?"

"आये, त्यो डान्स हाय," दामू म्हणाला.

"डान्स उभ्यानं करतान. आमच्या हलदीला कोन आडवा होऊन नाचलाय काय? जो आडवा होतो त्याला मंग घरी न्यावा लागतो."

पण तिने आम्हाला तसं जाऊ दिलं नाही. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. सकाळी नऊला असं कोणी वाढलं तर लाजू नका, पुढे शीळफाट्यापर्यंत धड काही मिळत नाही. निघताना दामूही आपली सायकल घेऊन आमच्याबरोबर आला.

मुंब्र्यातून जाताना ट्रकच्या धुरामुळे दादाचे मोजे काळे झाले की धुळीमुळे, आठवत नाही. एका टपरीवर कलिंगडाच्या फोडी खाल्ल्या आणि आत वळून दिव्याला गेलो. तिथे दामूचा मामा एका नव्या बिल्डिंगवर मुकादम होता. मोझॅकच्या फरशा बसवून झाल्या होत्या, म्हणून दामू फुशारून म्हणाला, "अख्खी बिल्डिंग आपलीच समज."

वर गेलो तर फरशी होती, पण पॉलिश नव्हतं. मशीन एका कोपऱ्यात गप्प उभं.

"मामा, पॉलिश कधी?" दादाने कळवळून विचारलं.

"पाणी आलं की," मामा म्हणाला. "मशीन पाण्यावर चालतं. इथं प्यायला टँकर मागवतोय आम्ही, आणि तुला गरगर फिरायला पाणी देऊ?"

दादाने तरी एकदा प्रयत्न केला. शर्ट मागे कमरेपाशी फाटला. मी माझी ओढणी त्याच्या कमरेला बांधली, म्हणजे भोक दिसणार नाही. दामू म्हणाला, आता एकदम अमेरिकन दिसतोयस.

दुपारी डोंबिवलीत शिरलो तेव्हा तिघंही घामाने निथळत होतो आणि दादा बोलायचा बंद झाला होता. तो गप्प झाला की मला भीती वाटायची. पन्हं प्यायला थांबलो, तर समोर मंगल कार्यालय. दार उघडं आणि आत, देवाशपथ, आरशासारखी फरशी. दादाने पन्ह्याचा ग्लास तसाच ठेवला आणि चालायला लागला.

नुकतंच लग्न लागलं होतं. आम्ही दारात उभे. फाटका शर्ट, ओढणी, उलटी टोपी, मोजे, टेपरेकॉर्डर. कोणीही हाकलून दिलं असतं. पण एक घामाघूम गृहस्थ धावत आले. पुढे कळलं की ते मुलीचे वडील.

"या, या! मुलाकडचे ना? उशीर झाला. आधी जेवून घ्या."

दामू पटकन "हो" म्हणाला. आपल्याकडच्या लग्नात ही मोठी सोय आहे. मुलाकडच्या माणसाला मुलीकडचे प्रश्न विचारत नाहीत, उगाच रुसवा नको म्हणून. आणि मुलाकडच्यांना वाटतं, आहेत कोणीतरी मुलीकडचे, आपल्याला काय. आम्हाला मसालेभात वाढला गेला, जिलब्यांचा आग्रह झाला, आणि दोन्ही बाजूंनी आमच्याकडे समोरच्या पक्षाचा चमत्कारिक नातेवाईक म्हणून आदराने बघितलं गेलं.

जेवणानंतर मुलाचे वडील मुलीच्या वडिलांना म्हणाले, "तुम्ही नाचाचा कार्यक्रम ठेवलाय वाटतं? वा!"

मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. मुलाकडच्यांनी आणलेत आणि आता बिदागी आपल्या गळ्यात, असं त्यांच्या मनात आलं असावं. तरी ते म्हणाले, "हो हो, तुम्ही म्हणाल तेव्हा."

झालं. खुर्च्या सरकल्या. मी टेप लावला आणि तो अमेरिकेतला माणूस डोंबिवलीच्या वऱ्हाडासमोर बडबडायला लागला. दादाने आधी रोबोट केला, मग ओढणी सोडून मला दिली आणि पाठ टेकली.

फरशीवर सगळीकडे अक्षता पडल्या होत्या. त्याने पाय झटकले, आणि तांदळाच्या दाण्यांवरून तो असा फिरला की मला त्याचा चेहराच दिसेना. नुसती पॅन्टची इस्त्री गोल फिरताना दिसत होती. फिरत फिरत तो नवरा-नवरीच्या खुर्च्यांपाशी जाऊन थांबला. मी जोरात ओरडले. मला इतका आनंद माझ्या बारावीच्या निकालालाही झाला नाही.

टाळ्या थांबल्यावर मुलाच्या आजीने वाकून विचारलं, "छान रे! पण तू कोणाकडचा?"

दादा तिथेच पडल्या पडल्या म्हणाला, "कोणाकडचाच नाही आजी. तुमची फरशी चांगली दिसली म्हणून आलो."

मग सर्वात आधी हसले ते मुलीचे वडील. त्यांच्या डोक्यावरचं बिदागीचं ओझं उतरलं होतं. त्यांनी आम्हाला लाडूंचा पुडा बांधून दिला आणि आम्ही निघालो.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. नानांनी दादाच्या केसातून दोन अक्षता काढल्या. "लग्न करून आलास काय रे?"

दादाने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "नाना, ती गिरकी जमली."

"दाखव."

"इथे नाही जमत. फरशी खडबडीत आहे."

नाना चष्मा पुसत बसले. आता कांद्याचा विनोद येणार म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "मग जिथे जमते तिथे चल. मी येतो."

त्यानंतर काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. नव्वदच्या दशकात ती बडबड आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत आली, मग मंडळांच्या मांडवात. कळव्याला दामूच्या स्वतःच्या हळदीत बँजोवाल्याच्या ठेक्यावर पोरांनी कोळी बोलीत रॅप केलं, नातेवाइकांची नावं घेऊन थट्टा केली, आणि त्याची आई उभ्यानेच नाचली. ज्यांना आम्ही वाया गेलेले वाटायचो त्यांचीच नातवंडं आता क्लासची फी भरून हे शिकतात. तुम्ही हा रस्ता करायला निघालात तर वरचे पूल आणि टॉवर सोडून काही दिसणार नाही, आणि सायकल तर न्यायचीच नाही.

माझ्याजवळ या प्रवासातलं जे उरलं ते त्या रविवारचं नाही, पुढच्या बुधवारचं आहे. दादाची सुट्टी त्या दिवशी असायची. मुहूर्त नव्हता, डोंबिवलीचं ते कार्यालय रिकामं होतं. नानांनी ऑफिसात अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि व्यवस्थापकाला जाऊन स्वतः म्हणाले, "माझ्या मुलाला इथे थोडा वेळ नाचायचं आहे." ते वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी त्यांच्या कानांच्या लाल रंगावरून ओळखलं.

दालन स्वच्छ झाडलेलं होतं. नाना मधोमध एका खुर्चीवर बसले. दादाने पाठ टेकली, पाय झटकले. कंपनीतल्या दोन दिवसांनीच तो दमला होता. गिरकी एकच झाली, तीही कशीबशी. तो उठला आणि मान खाली घालून उभा राहिला.

नाना जन्मभर संगीत नाटकांच्या शेवटच्या रांगेत बसलेले. ते खुर्चीत ताठ झाले, घसा साफ केला आणि त्या अख्ख्या रिकाम्या दालनात मोठ्याने म्हणाले, "वन्स मोअर!"