पुसलेला तळहात

तिला सगळे 'कात्री' म्हणत. रेकॉर्डिंगची फीत हाताने कापून जोडायचे त्या काळात तिने हे काम धरलं. पुढे फीत गेली, संगणक आला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवं जॅझ वाजवणारे हमखास तिच्याकडे येत. ही मंडळी आधी काहीच ठरवत नाहीत. एकमेकांचं ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं. एकदा वाजलं ते वाजलं, पुन्हा तसं होणे नाही. त्यातला खोकला, खुर्चीची करकर, पंख्याची घरघर तेवढी काढायची आणि बाकी कशालाही धक्का लावायचा नाही, हे कात्रीचं काम.

"आमची आई म्हणते, भांड्यांचं कपाट कोसळलं की तुमचा कार्यक्रम सुरू होतो," सॅक्सोफोनवाला सांगायचा. "पण कात्री त्यातली कुठली वाटी पडली तेसुद्धा सांगेल."

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हे खरं होतं. मग तिचा नवरा गेला. ती रडली नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, एकदा रडून मोकळी हो गं." तिने "बरं" म्हटलं आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. तेव्हापासून ती वेळेवर कामाला जाई, वेळेवर घरी येई. भाजीत मीठ आहे की नाही, हे कुणी विचारलंच तर पुन्हा एक घास खाऊन सांगे. दुखत काही नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असून परका वाटतो, तसं.

नवं रेकॉर्डिंग तिघांचं होतं: सॅक्सोफोन, पियानो आणि ड्रमवाले काका. एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात चाळीस मिनिटं सलग वाजवलेलं. काकांना वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजव्या हातात ड्रमची काठी ठरत नव्हती. ते ड्रमच्या कातड्यावर नुसता तळहात फिरवतात, हे सॅक्सोफोनवाल्याने फोनवर सांगितलं होतं. कात्रीने ऐकून "हो" म्हटलं होतं.

तिने नेहमीप्रमाणे सुरुवातीची नऊ सेकंदं निवडली. तिथे कुणी वाजवत नव्हतं, नुसती घरघर होती. हा नमुना संगणकाला दिला की तसला आवाज जिथे जिथे असेल तिथून तो पुसून काढतो. काम झालं. सॅक्सोफोनवाल्याने फोनवर ऐकून "काचेसारखं लख्ख!" म्हटलं. सकाळी ते तबकड्या छापायला जाणार होतं.

आदल्या दुपारी काका मुलीचा हात धरून ऐकायला आले. चाळीस मिनिटं हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "छान आहे. पण मी कुठे आहे?"

"मध्ये डाव्या हाताच्या टिचक्या आहेत की, बाबा," मुलगी म्हणाली.

"सुरुवात मी केली होती. हे दोघं नंतर आले."

कात्रीने पडद्याकडे पाहिलं. नऊ सेकंदं.

"तुमच्या हाताला जोर कुठे आहे? माइकला ऐकूच गेलं नसेल," मुलगी हळूच म्हणाली.

"असेल. मला तेवढंच बघायचं होतं, हात ऐकू येतो का. येत नसेल तर ड्रम काढून टाकू. खोलीत कपाट तरी मावेल." काका उठायला लागले.

गप्प राहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. कात्रीला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. ती सपाट आवाजात म्हणाली, "काका, बसा. हात वाजला होता. मी पुसला."

"म्हणजे?"

"मला वाटलं, पंखा आहे."

मूळ रेकॉर्डिंग तिच्याकडे शाबूत होतं. तिने त्यातून पुसून काढलेला आवाज तेवढा लावला. खोलीत घरघर भरली. काकांनी मान वाकडी करून ऐकलं.

"अगं, हा तर पंखाच आहे!"

मुलगी फस्सकन हसली. "बाबा, आता काय म्हणावं तुम्हाला!"

"थांब, थांब." त्यांनी निकामी हात मांडीवर घासला. "हा पंखा... हा पण पंखा... हा मी. मागे घे. ऐकलंस? पंखा कधी दम घेतो का?"

कात्रीने मागे घेतलं. घरघरीच्या खाली काहीतरी घासत होतं, थांबत होतं, पुन्हा घासत होतं. तिने तिथे खूण केली.

मग तिने सॅक्सोफोनवाल्याला फोन लावला आणि सकाळचं छापणं थांबवायला सांगितलं.

"डोकं फिरलंय का तुझं? छापायचा नंबर गेला तर महिनाभर बसावं लागेल!"

"बसा," ती म्हणाली. "माझी चूक आहे. काका त्यात नाहीयेत."

"मग ते आम्हाला कसं कळलं नाही?" त्याने विचारलं. तिने फोन ठेवला.

ती आणि काका शेजारी शेजारी बसले. काका बोट वर करत, ती खूण करी. दोन ठिकाणी काकांनाही सांगता येईना, ती तिने तशीच ठेवली. दोन तासांत रेकॉर्डिंगची सहा मिनिटं झाली. तिला बरं वाटत होतं असं नाही. चहा गार झाला होता, तो तिने प्यायला.

"उद्या दहाला या," ती म्हणाली.

दारात मुलीने आठवण केली, "बाबा, उद्या दहाला तो ड्रम विकत घेणारा माणूस बघायला येणार आहे ना?"

"त्याला सांग, मला काम आहे," काका म्हणाले आणि जिना उतरायला त्यांनी मुलीपुढे हात केला.