वाफेतला कोरडा चौकोन

द्वारका चौकाजवळच्या आरशांच्या दुकानात दुकानदारानं उकळत्या पाण्याची किटली आरशासमोर धरली, आणि मी आ वासून बघत राहिलो. सगळी काच बघता बघता पांढरी झाली. मधला एक चौकोन मात्र लख्ख कोरडा राहिला. वाफ त्याच्या कडेपर्यंत यायची आणि थबकायची, कुणीतरी दारातच अडवल्यासारखी. त्या चौकोनात माझं तोंड होतं, पिकलेल्या मिशीसकट. मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यानं दाखवलं. मी म्हटलं, अजून एकदा. तिसऱ्या वेळी त्यानं किटली माझ्याच हातात दिली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काचेच्या मागे विजेवर तापणारी, पापडाएवढी पातळ गादी असते, बाथरूमचा दिवा लावला की ती कोमट होते, कोमट काचेवर वाफ बसत नाही. एवढंच. पण एवढंच म्हणून मला कुणी गप्प करू शकत नाही. पन्नाशी ओलांडली तरी साध्या गोष्टींनी मी भारावून जातो, आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होते. म्हणजे तेव्हा होत असे. त्या हिवाळ्यात टिंगल करणारी गप्प झाली होती.

गंगापूर रोडवर आमचं छोटं हॉटेल आहे. थंडीत पाहुणे अर्धा अर्धा तास गरम पाणी अंगावर घेतात, बाथरूमचा धोबीघाट झालेला असतो, मग दाढी करायला आरसा दिसत नाही म्हणून पांढऱ्या टॉवेलनं काच पुसतात. काचेवर ओघळ, टॉवेलवर डाग, आणि वर आमच्याबद्दल इंटरनेटवर चार ओळी. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मी वर्षानुवर्षं कानाडोळा करत होतो. मग त्याच हिवाळ्यात मला आरशांची एवढी घाई का सुटली, हे सांगायला हवं.

आमच्या हॉटेलात माझ्या बायकोनं पास केल्याशिवाय काही विकत घेतलं जात नाही. गाद्या घेतल्या तेव्हा ती प्रत्येक नमुन्यावर एकेक रात्र झोपली होती. टेबलक्लॉथवर तिनं स्वतः वरण सांडलं, वाळू दिलं आणि मग धुऊन बघितलं. चहाच्या किटल्या तर तिनं मुद्दाम हातातून सोडल्या, विक्रेता बिचारा डोळ्यांवर हात घेऊन उभा. आणि रोज सकाळी काउंटरवर तीच बसायची. पाहुण्याच्या चेहऱ्यावरून त्याला झोप नीट लागली की नाही, हे तिला कळायचं. बिल द्यायला येणारा माणूस तिच्याशी हसल्याशिवाय जात नसे.

एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. दुपारपर्यंत चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती. भुवई उचलेना, डोळा मिटेना. नातेवाइकांनी वारं लागलं म्हणून निकाल दिला, शेजारणीनं दबक्या आवाजात लकवा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, औषध घ्या, येईल. जीव भांड्यात पडला. पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक अट घातली होती. आधी शेक घ्यायचा, मग रोज आरशासमोर बसून भुवया उचलायच्या, गाल फुगवायचे, डोळे मिटायचे. आरशात बघूनच करायचं, नाहीतर चेहरा चुकीची सवय लावून घेतो.

घरी आल्यावर तिनं कपाटाच्या आरशावर जुनी साडी टाकली. व्यायाम करते म्हणायची, पण भिंतीकडे तोंड करून. तोंडाला मास्क, काउंटर बंद, दिवसभर मागच्या खोलीत चादरी मोजत बसायची. मी समजावलं, चिडलो, गमती केल्या. ती हसली नाही. हसणं तिला नकोच होतं, कारण हसताना अर्धाच चेहरा हसतो हे तिला ठाऊक होतं. मला रात्री भीती वाटायची की नस बरी होईल आणि ही बाई तशीच भिंतीकडे तोंड करून राहील.

म्हणून आरसे. हॉटेलच्या कामाला ती नाही म्हणत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आरसा पास करायचा तर त्यात बघावं लागणारच. आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं.

नमुने आले. आमच्या जुन्या मिस्त्रींनी ते वरच्या मजल्यावरच्या तीन रिकाम्या खोल्यांत, आमच्या नेहमीच्या उंचीवर बसवले. जाताना एवढंच म्हणाले, भाभींना सलाम सांगा, काउंटर सूना लगता है.

पाहुणे बाहेर गेले की दुपारी ती मास्क लावून वर जायची. दार लावून गरम पाण्याचा नळ सोडायची. आतून धो धो आवाज, बाहेर जिन्यात मी. पहिल्या आरशाला गादी नव्हती, वाफ धरू नये म्हणून नुसता चिकटवायचा कागद होता. त्याला तिनं लगेच नापास केलं, पाण्याखाली बघितल्यासारखं दिसतं म्हणाली. दुसरा चांगला आहे, हाच सगळीकडे घ्या, म्हणाली. तिसरा नको. का नको? नको म्हणजे नको.

जी बाई किटलीच्या झाकणावर अर्धा तास बोलते, तिनं तिसऱ्या आरशाला एका शब्दात घरी पाठवावं, हे मला पटेना. मी स्वतः वर गेलो. आधी तिसऱ्या खोलीत पाणी सोडलं. गादी मोठी होती, डोक्यापासून छातीपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. मग दुसऱ्या खोलीत. तिथंही माझं तोंड लख्ख. म्हटलं, दोन्ही चांगले, बायकांच्या मनाचं काय सांगावं. तेवढ्यात खिशातलं पेन खाली पडलं. मी वाकलो, उचललं, आणि उठता उठता मधेच थांबलो. तिथून आरशात मी नव्हतो. नुसती वाफ होती. गादी वरच्या अर्ध्यात होती, आणि माझी बायको माझ्या खांद्याला लागते. मी गुडघे वाकवून तिच्या उंचीएवढा झालो. वर कोरडा चौकोन चकाकत होता आणि जिथं तिचा चेहरा यायला हवा तिथं पांढरं धुकं.

माझा स्वभाव असा की आतून हललो की आधी चिडतो. खाली जाऊन मी विचारलं, हा आरसा काय जिराफांसाठी पास केलास का. ती चादरीच्या घड्या घालत राहिली. मग घडी मांडीवर ठेवून म्हणाली, "मला तोच बरा वाटला. त्यात मी दिसत नाही."

माझी हुशारी तिनं एका दुपारीत पालथी घातली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, आपल्याकडे नियम आहे. तू पास करशील तोच आरसा लागेल. सगळ्या खोल्यांत. मी उद्या सांगतो दुकानात. आणि हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं. तिला आणखी कुठल्या सापळ्यात ओढायची मला लाज वाटली.

उद्या झाला, परवा झाला. मी दुकानात फोन करणं टाळत होतो आणि ती तो केलात का विचारणं टाळत होती. मग एका सकाळी ती काउंटरजवळ आली, मास्क हनुवटीवर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आवाज तोच, किटली पाडायच्या वेळचा.

"तो दुसरा परत करा. आपल्याकडे बायका येतात, पोरी येतात. त्यांनी काय वाफ बघायची?"

म्हटलं, मग?

"तिसरा पास."

ती मास्क वर ओढून निघून गेली. मला ठाऊक होतं, आमच्याकडे न बघता काही पास होत नाही. रात्री कधीतरी तिच्या लाजेचं आणि तिच्या कामाचं भांडण झालं असणार, आणि काम जिंकलं होतं. खराब वस्तू हॉटेलात लागू देणं तिला वाकड्या चेहऱ्यापेक्षाही सहन झालं नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्या बाईपुढे हात जोडावेत असं मला त्या क्षणी वाटलं.

त्यानंतर ती रोज सकाळी त्या तिसऱ्या खोलीत जाऊ लागली. नळ सुटायचा, बराच वेळ वाहायचा, बंद व्हायचा. शेक तिथंच, व्यायाम तिथंच. मी विचारत नव्हतो. जिन्यातून जाता येता पाण्याचा आवाज ऐकला की बरं वाटायचं.

एके दिवशी तिनं वरून हाक मारली. मी दोन दोन पायऱ्या चढून गेलो. बाथरूम वाफेनं भरलेलं, टाइल्स दिसत नव्हत्या, नळ दिसत नव्हता. समोर तो कोरडा चौकोन आणि त्यात तिचा चेहरा, मास्क नाही, पदराचा आडोसा नाही. मागे मी. तिनं भुवया उचलल्या. उजवी गेली, आणि तिच्यामागून डावी, झोपेतून उठवलेल्या पोरासारखी कुरकुरत, पण गेली. गाल फुगवले, हवा राहिली. मी त्या काचेकडे बघत होतो आणि मला दुकानातली किटली आठवली. तेव्हा मी उगीचच भारावलो होतो, खरं बघायचं ते हे होतं.

"एक राहिलं," ती म्हणाली. "डोळा. मी मिटते, पण मिटल्यावर आरशात काय दिसणार मला? एवढं तुम्ही बघा."

मी तिच्या आणि आरशाच्या मधे येऊन उभा राहिलो. तिनं डोळे मिटले. उजवा लगेच मिटला. डावी पापणी हळूहळू उतरली, थरथरली, थांबली, पुन्हा उतरली. आधी तिथं तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फट राहायची, रात्री त्यावर पट्टी लावून झोपावं लागायचं. मी ती फट शोधत होतो. चष्मा वाफेनं भरला म्हणून काढला, पुन्हा जवळ जाऊन बघितलं.

"मिटला का?" तिनं विचारलं.

मी चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आणखी वाकलो.

"अहो, सांगा ना. मिटला का?"

"मिटला," मी म्हटलं.

तरी तिनं लगेच डोळे उघडले नाहीत. तशीच उभी राहिली, ओठांचे दोन्ही कोपरे थोडे वर, डावा जरा कमी. मग उघडले, आणि आरसा माझ्यामागे असूनही तिनं आधी माझ्याकडे बघितलं.